अंगठा आणि सुरावट एकत्र येताच लय तुटते

प्रश्न:
गेली दोन वर्षे मी पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, वाजवून गाण्यांना साथ करत आलो आहे आणि आता एकट्या गिटारवर संपूर्ण रचना वाजवायला शिकतो आहे. अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि बोटांनी सुरावट हे दोन्ही भाग वेगवेगळे बिनचूक येतात. मात्र ते एकत्र करताच, सुरावटीचा स्वर दोन ठोक्यांच्या मध्ये आला की अंगठाही त्याच्याबरोबर पडतो. शिवाय सुरावट खर्जाखाली दबते. केवळ वेग कमी करून हे सुटेल का?

उत्तर १:
नुसत्या संथपणाने सुटणार नाही, कारण दोन्ही भाग पाठ झाले तरी ते एकमेकांत कुठे बसतात हे हातांना अजून ठाऊक नाही. सी कॉर्ड धरून अंगठ्याने चारही ठोक्यांवर पाचवी आणि चौथी तार आलटूनपालटून छेडत राहा, तोंडाने 'एक आणि दोन आणि' असे मोजा आणि दोननंतरच्या 'आणि'वर तेवढी दुसरी तार मधल्या बोटाने वाजवा. अंगठा न अडखळता हा एक स्वर बसला, की मगच दुसरा घ्यावा. अमेरिकी गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीचा पाया असा आलटता खर्जच आहे; ते स्वतः तर मुख्यतः अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच वाजवत.

उत्तर २:
इटालियन गिटारवादक-रचनाकार माउरो जुलियानी यांचे उजव्या हाताचे 120 अभ्यास पाहावेत. ते सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर बेतलेले असल्यामुळे डावा हात जवळपास विसरता येतो. सगळे करण्याची गरज नाही; मी स्वतः विसाच्या पुढे नेटाने गेलो नाही.

उत्तर ३:
सुरावट दबते ती बहुधा अंगठा जड पडल्यामुळे, म्हणून बोटांचा जोर वाढवण्याआधी तळहाताची कड ब्रिजपाशी (गिटारच्या खोक्यावर तारा जिथे टेकतात तिथे) खर्जाच्या तारांवर हलकेच टेकवून पाहा. डावा हातही तपासा. सी कॉर्डमध्ये करंगळी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर नेताना पाचव्या तारेवरची अनामिका नकळत उचलली जाते, खर्जाचा स्वर मध्येच तुटतो आणि आपण दोष मात्र अंगठ्याला देतो.

प्रश्नकर्ता:
आज तपासले, तेव्हा अनामिका खरोखरच उचलली जात होती. 'आणि'वरचा तो एक स्वर मात्र मेट्रोनोमच्या (ठोके देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला 50 ठोक्यांवरही अजून दहापैकी चार वेळा चुकतो आहे.