वाडा म्हणजे जुन्या काळचं को-लिव्हिंग नव्हे

कडीपाट:
काल इथे एकानं लिहिलं, "पुण्याच्या पेठांतले मोडकळीला आलेले वाडे पाडा आणि सामाईक स्वयंपाकघर, सामाईक गच्ची असलेल्या हरित इमारती बांधा. वाडा म्हणजे तरी काय, त्या काळचं को-लिव्हिंगच, खोली आपली आणि बाकी सगळं सामाईक!" रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. वाड्यात एकत्र राहणं हौसेचं नव्हतं. मालक वर, भाडेकरू खाली एकेका खणात, आणि त्यात जात, सोवळं, भाडं यांची उतरंड. पण माझा खरा राग "पाडा" या शब्दावर आहे. दगडी जोतं, सागवानी सांगाडा, वीट, माती, चुना हे सगळं डंपरमध्ये भरायचं, त्या जागी सिमेंट-पोलाद ओतायचं, वर सौर पॅनेल लावायचे आणि त्याला हरित म्हणायचं? सागवान वयानं नाही, पाण्यानं जातं. गळकी कौलं, मागाहून भिंतीला चिकटवलेल्या मोऱ्या, तुळईच्या टोकाला ओल, मग वाळवी. म्हणून वाडा पाडू नका, दुरुस्त करून त्यातच खोल्या भाड्यानं द्या, आणि संडास, न्हाणीघर, सामाईक स्वयंपाकघर मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर, एकावर एक घ्या. जुन्या भिंतींवर त्याचा भार नको. पुढचा भाग कोरडा राहील आणि सांगाडा वाचेल.

भाडेकरूची_लेक:
चौकाचं कौतुक करणारे रात्री बादली घेऊन तो चौक ओलांडून गेलेले नसतात. आम्ही बारा बिऱ्हाडं, संडास दोन. आई संध्याकाळी सातनंतर पाणी पीत नसे. सामाईक म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. पाडा, मला दुःख नाही.

कडीपाट:
तुमच्याशी वाद नाही. संडास प्रत्येक खोलीला हवाच, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

नळजोड:
खोलीगणिक संडास म्हणजे खोलीगणिक पाणी. मग तुमचा कोरडा भाग गेला कुठे? आणि हिशेबही बघा. माणशी 135 लिटर धरा, त्यातले 45 फ्लशचे. वीस माणसांना रोज 2,700 लिटर. पुण्याचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर. 200 चौरस मीटर छपरावरून फार तर लाख-सव्वा लाख लिटर मिळेल. जेमतेम दीड महिना पुरेल. अंघोळीचं पाणी गाळून फ्लशला फिरवलं तर तिसरा हिस्सा वाचतो, पण त्याला नळांचं दुसरं जाळं लागतं आणि ते नव्या इमारतीतच सोपं पडतं. या शहरासाठी नानासाहेब पेशव्यांना कात्रजहून पाणी आणावं लागलं होतं, हे विसरू नका.

कडीपाट:
खोल्या मागच्या ओल्या पट्ट्याला लागूनच काढायच्या, पुढचा भाग बैठकीला आणि अभ्यासाला. खोल्या कमी होतील. होऊ देत.

गल्लीतला:
खोल्या कमी झाल्या तर मालकाला परवडणार कसं? आणि गाड्या कुठे लावणार? आमच्या शेजारचा वाडा पाडून बारा फ्लॅट झाले. खाली पार्किंग आहे, तरी गाड्या गल्लीत. वडिलांच्या छातीत रात्री कळ आली, रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडली. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना बाहेर नेलं. तुम्ही चुना आणि तुळया घेऊन बसा.

कडीपाट:
मग अडवलं कोणी, वाड्यानं की गाड्यांनी? पार्किंगला तळमजला दिला की ओटा, चौक, दुकान सगळं जातं, आणि गाड्या तरीही बाहेरच. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो कसबा पेठेत आणि मंडईला थांबते. चारचाकीवाल्याला खोलीच देऊ नका.

गल्लीतला:
वडिलांना मेट्रोपर्यंत कोण चालवत नेणार? तुमच्या योजनेत सगळे पंचविशीतले! पेठेत म्हातारे राहतात हो. भिंतीतला तो उभा जिना तुम्ही सत्तरीत चढून दाखवा.

नळजोड:
दोघंही पार्किंगवर घसरलात. पाण्याचं उत्तर आलंच नाही.

कडीपाट:
दुसरं जाळं त्या मागच्या नव्या भागातच बसवता येईल. त्यात लिफ्टही घेऊ. जिन्याचा मुद्दा मला टाळता येत नाही, तो बरोबर आहे. पाडायला मात्र मी हो म्हणणार नाही.

भाडेकरूची_लेक:
हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिनं एकच विचारलं, "संडासाचं दार आपलं आपल्याला आतून लावता येईल ना? आणि आत्ता राहतात त्या बिऱ्हाडांना तिथेच जागा मिळेल ना?" पहिल्याचं उत्तर तुम्ही दिलंत. दुसऱ्याचं अजून कोणीच दिलेलं नाही. सामाईक स्वयंपाकघराला तर ती अजूनही नाहीच म्हणते.