मॅच बुलेटच्या टोकाला भोक कशासाठी?

प्रश्न (लक्ष्यवेधी):
मी ३०८ विंचेस्टर रायफलने ३०० मीटरवर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. आजवर १५० ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचे माप) फुल मेटल जॅकेट, म्हणजे शिशावर धातूचे आवरण असलेल्या बुलेटची, काडतुसे वापरली. आता १६८ ग्रेनची मॅच, म्हणजे स्पर्धेतल्या अचूक नेमबाजीसाठीची, काडतुसे वापरावीत असा सल्ला मिळाला आहे. या बुलेटच्या टोकाला बारीक भोक दिसते आणि तिचे बूड निमुळते आहे. टोकाशी पोकळी असलेली हॉलो पॉइंट बुलेट शिकारीत फुलण्यासाठी असते असे ऐकले होते. मग कागदाला भोक पाडण्यासाठी तिचा काय उपयोग? आणि निमुळत्या बुडाने खरोखर फरक पडतो का?

उत्तर (धातुकाम):
ते भोक कोणत्याही परिणामासाठी ठेवलेले नसते. ती घडणीची खूण आहे. तांब्याच्या मिश्रधातूची वाटी ओढून जॅकेट, म्हणजे बाहेरचे आवरण, तयार करतात. फुल मेटल जॅकेटमध्ये वाटीची बंद बाजू टोकाकडे येते, शिसे बुडाकडून भरले जाते आणि शेवटी कडा आत दुमडतात, त्यामुळे बुडाशी शिसे बहुधा उघडेच राहते. मॅच बुलेटमध्ये हे उलटे असते: वाटीचा बंद तळ हेच बूड, शिसे तोंडाकडून घातले जाते आणि मग टोक आवळले जाते. ते पूर्ण मिटत नाही, म्हणून भोक उरते.

एवढा खटाटोप बुडासाठी आहे. बुलेट नळीच्या तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी मागून येणारा वायू बुडावर रेटा देत असतो. बुडाची कड एका बाजूला किंचित जरी कमी-जास्त असली, तरी हा रेटा तिरका पडतो आणि बुलेट डगमगतच निघते. टोकावरचा तेवढाच दोष मात्र लक्ष्यावर क्वचितच जाणवतो. शिकारीच्या हॉलो पॉइंटची पोकळी मुद्दाम रुंद ठेवतात आणि पुढचे जॅकेट पातळ करतात किंवा त्यावर खाचा पाडतात. नावातल्या साम्यावर जाऊ नये.

उत्तर (जुना नेमबाज):
वरील उत्तराशी सहमत आहे. बुडाच्या आकाराबद्दल थोडे लिहितो. बुलेटच्या मागे हवेची विरळ पोकळी तयार होते आणि ती बुलेटला मागे ओढते. निमुळत्या, म्हणजे बोट-टेल, बुडामुळे ही ओढ घटते. फ्रान्सच्या सैन्याने १८९८ साली स्वीकारलेल्या ‘बाल डी’ या टोकदार बुलेटला असे बूड होते. मात्र १०० मीटरवर हा लाभ जवळपास दिसतच नाही. उलट सपाट बूड अचूक घडवणे सोपे असल्याने, कमी अंतरावर बेंचवरून नेम धरणारे कित्येक जण आजही तेच पसंत करतात. तुमच्या ३०० मीटरवर बोट-टेलचा फायदा मुख्यतः वाऱ्यात दिसेल, पण घडण एकसारखी नसेल तर नुसत्या आकाराने गट, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा, लहान होणार नाही.

लक्ष्यवेधी:
आभारी आहे. मग सॉफ्ट पॉइंट आणि पूर्ण तांब्याच्या बुलेट यांत कुठे बसतात?

उत्तर (धातुकाम):
सॉफ्ट पॉइंटमध्ये टोकाशी शिसे उघडे ठेवतात, जेणेकरून ते आदळताच चपटे होऊन पसरावे. शिकारीत याचा हेतू जनावर लवकर पडावे हा असतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशाच उघड्या टोकाच्या लष्करी गोळ्या बनल्या. मानवी शरीरात सहज फुलणाऱ्या अथवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९ च्या हेग घोषणेने मनाई केली. कागदी लक्ष्यासाठी हा प्रकार निरुपयोगी आहे. मऊ टोक मॅगझिनमध्ये ठेचले जाते.

अखंड तांब्याच्या बुलेटचा विचार नीट करावा लागतो. शिशाची घनता दर घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम आणि तांब्याची ९ च्या आसपास असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची बुलेट अधिक लांब होते, आणि लांब बुलेट स्थिर ठेवण्यासाठी तिला अधिक फिरकी लागते. किती फिरकी लागेल हे काढण्याचे ग्रीनहिल यांनी १८७९ साली मांडलेले सूत्रही बुलेटची लांबी आणि व्यास यांवरच बेतलेले आहे. तेव्हा आधी नळीचे आटे, म्हणजे बुलेटला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, किती इंचात एक फेरा घेतात ते पाहा. बारा इंचात एक फेरा असेल, तर शिशाच्या गाभ्याची १६८ ग्रेनची बुलेट व्यवस्थित चालेल. तेवढ्याच वजनाची तांब्याची मात्र, निर्माता तो फेरा पुरेसा असल्याचे सांगत असेल तरच घ्या.