‘पुट ऑफ इट’ का चूक आहे? फ्रेजल व्हर्बच्या याद्या पाठ करून घेणं थांबवा

खडूफळा (धागाकर्ता):
सोलापुरात मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. नवीन मूल आलं की त्याच्या वहीत हमखास फ्रेजल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्यांची, दोन रकान्यांची यादी सापडते. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे. यादी तोंडपाठ असते. आणि पुढच्याच पानावर वाक्य असतं: ‘द मीटिंग इज टुमारो, प्लीज पुट ऑफ इट.’

अर्थ बरोबर, शब्द बरोबर, तरी वाक्य चूक. इंग्रजीत ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसलं पाहिजे: ‘पुट इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’चं नेमकं उलट, तिथे ‘लुक इट आफ्टर’ म्हटलं की चूक. यादीत मात्र ही दोन्ही एकाच जातीची असल्यासारखी एकाखाली एक लिहिलेली असतात. माझी तक्रार इथेच आहे.

‘पुट ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियाविशेषण आहे, त्याची जोडी क्रियापदाशी. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ शब्दयोगी अव्यय आहे, त्याचं नातं पुढच्या नामाशी किंवा सर्वनामाशी. आपल्याकडे शब्दयोगी नामानंतर येतं, टेबलावर, आईसाठी, म्हणून ते कुणाचं आहे याची शंकाच येत नाही. इंग्रजीत ते नामाआधी येतं, म्हणजे नेमकं क्रियापदाच्या शेजारी. मुलाला वाटतं दोन्ही सारखेच.

एकच ‘ऑन’ घ्या. बसमध्ये चढलो: ‘आय गॉट ऑन द बस’, सर्वनाम घातलं तर ‘गॉट ऑन इट’. शर्ट घातला: ‘आय पुट ऑन द शर्ट’, सर्वनाम घातलं तर ‘पुट इट ऑन’. नुसती यादी पाठ करून हा फरक कधीच कळणार नाही. ‘इट’ घालून बघितलं की एका वाक्यात कळतो. म्हणून म्हणतो, याद्या थांबवा आणि प्रत्येक जोडी ‘इट’सकट शिकवा.

हुरडाप्रेमी:
सर, तळमळ पोचली, पण अजिबात सहमत नाही. बँकेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांत अर्थ विचारतात. ‘कॉल ऑफ’ म्हणजे काय, चार पर्याय, एक निवडा. ज्याची यादी पाठ आहे त्याला मार्क मिळतो. शिवाय ज्या मुलाला मराठीतलं क्रियाविशेषण आणि शब्दयोगी वेगळं काढता येत नाही, त्याला तुम्ही इंग्रजीतलं काढायला लावणार? राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतकी वर्षं शिकून मूल वाक्य बोलायला घाबरतं, त्यात आणखी व्याकरणाची भर नको.

पूर्वभागकर:
माझं दोघांशीही जमत नाही. आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड. तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी आणि ‘वर’, ‘साठी’सारखे शब्द नामानंतरच. म्हणजे सोलापूरच्या पोराला इंग्रजीची ही रचना घरातून कुठूनच मिळत नाही, हे खडूफळा सरांचं बरोबर. पण बोलताना कोण विचार करतं की हे क्रियाविशेषण का शब्दयोगी? तोपर्यंत समोरचा निघून जातो बे! मी कॉल सेंटरला लागलो तेव्हा नियम एकही येत नव्हता. कान लावून ऐकलं. ‘टर्न इट ऑफ’ इतक्यांदा कानावर पडलं की दुसरं काही तोंडातून निघेचना.

निवृत्त_मास्तर:
एवढा खटाटोप हवाच कशाला? ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ लिहावे. ‘गिव्ह अप’ऐवजी ‘ॲबँडन’, ‘फाइंड आउट’ऐवजी ‘डिस्कव्हर’. एक क्रियापद, पुढे कर्म, प्रश्न मिटला. आमच्या पिढीने कचेरीचा सगळा पत्रव्यवहार असाच केला आणि कोणाचेही काही अडले नाही.

टॉवेलवाला:
मास्तर, आदर ठेवून सांगतो, आमचं अडतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघतो. आम्ही ‘पोस्टपोन’ लिहू हो, पण समोरचा तसं लिहीत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये असतं, ‘द कलर इज कमिंग ऑफ’, ‘प्लीज सॉर्ट इट आउट ऑर वी विल कॉल इट ऑफ’, म्हणजे निस्तरा, नाहीतर रद्द करू. नवीन पोरगा ‘कॉल’ बघून फोनची वाट बघत बसला, तर ऑर्डर गेली. ही अडचण जुनीच आहे. 1755 साली सॅम्युएल जॉन्सनने इंग्रजीचा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने म्हटलंय की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या रचना परक्यांना सगळ्यात जड जातात. म्हणून टाळून चालणार नाही, वाचायला तरी आल्याच पाहिजेत. मात्र वाचायला अर्थ लागतो, त्यामुळे यादीला माझा विरोध नाही.

खडूफळा:
पूर्वभागकर, कॉल सेंटरमध्ये रोज आठ-आठ तास इंग्रजी कानावर पडलं म्हणून तुम्हाला ते जमलं. माझ्या वर्गातल्या मुलीच्या कानावर इंग्रजी पडतं ते फक्त तासाला. ऐकून शिकण्याइतकं ऐकायला तिला मिळतच नाही, मग खूण नको का हातात द्यायला? आणि ती खूण कानाचीच आहे. ‘पुट इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक ॲट इट’ म्हणताना जोर ‘लुक’वर, ‘ॲट’ जेमतेम ऐकू येतो. वर्गात मोठ्याने म्हणून घेतलं की व्याकरणाचं एकही नाव न घेता मुलांना फरक लागतो. हुरडाप्रेमींच्या शंकेलाही हेच उत्तर.

सर्वनाम मधे का, तर इंग्रजीत नवी, वजनदार गोष्ट शेवटी ठेवायची ओढ असते. ‘इट’मध्ये नवीन काहीच नसतं, कशाबद्दल बोलतोय ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून ते मधे दबतं आणि ‘ऑफ’ शेवटी उठून दिसतो. कर्म लांबलचक असेल तर उलट घडतं, ‘पुट ऑफ द मीटिंग वी हॅड प्लॅन्ड फॉर मंडे’ असं ते शेवटी जातं.

आणि मास्तर, हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. ‘खाऊन टाक’मध्ये कोण काय टाकतं? ‘टाक’चा मूळ अर्थ गेला, काम पुरतं संपव एवढाच उरला. ‘ईट इट अप’मधला ‘अप’ तेच करतो, त्यात वर काही जात नाही. आपण क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो, ते क्रियाविशेषण जोडतात. ‘पिऊन टाक’, ‘ड्रिंक इट अप’. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की वर्ग जागा होतो.

हुरडाप्रेमी:
‘खाऊन टाक’चं पटलं, उद्याच वर्गात वापरेन. यादी मात्र सोडणार नाही, परीक्षा माझ्या हातात नाही. आता एक सांगा, ‘पुट अप विथ’, म्हणजे सहन करणे, यात दोन-दोन छोटे शब्द आहेत. तुमच्या ‘इट’ने तिथे काय करायचं?

खडूफळा:
‘पुट अप विथ इट’, ‘इट’ शेवटीच. ‘अप’ क्रियाविशेषण, ‘विथ’ शब्दयोगी, आणि ‘इट’ ‘विथ’चं. दोन्ही जाती एकाच वाक्यात दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. याच्याच वळणावर आपल्याकडे सर्रास ‘कोप अप विथ’ लिहितात, तिथला ‘अप’ काढा. प्रमाण इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’. तुमच्या यादीत असेल तर उद्याच दुरुस्त करून घ्या.