प्रति: जुन्या मॉडेल्सचा रंग काढावा का?

शाळेत असताना रंगवलेली प्लास्टिकची मॉडेल विमानं सापडली तर आधी थिनरमध्ये बुडवून जुना रंग उतरवा आणि नव्याने रंगवा असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय, त्याला माझा साफ विरोध. एक तर हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर काय किंवा अ‍ॅसिटोन काय, दोन्ही पॉलिस्टायरीन विरघळवतात आणि एअरफिक्स कंपनीच्या मॉडेल किटचं प्लास्टिक तेच असतं, रंगाबरोबर पंखावरच्या बारीक रेषापण जातील. आणि त्या वयातला हात परत कुठून आणणार?

आपल्या कोकणात खरा प्रश्न बुरशीचा, तो कोणी काढलाच नाही. मालवणच्या घरी मे महिन्यात कौलं परतायला माळा रिकामा केला तेव्हा माझं १:७२ चं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) स्पिटफायर विमान आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी केलेले शाडूचे मावळे एकाच पत्र्याच्या डब्यात निघाले, सगळ्यावर पांढरी बुरशी. विमान कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचं लिक्विड आणि मऊ ब्रशने छान निघालं, फक्त डिकल्सना, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ चिन्हांना, हात लावला नाही. शाडूला मात्र पाणी अजिबात नको, न भाजलेली माती ती, भिजली की चिखल. मावळे सावलीत पूर्ण वाळवले आणि मग अंगणात, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या ब्रशने हलकेच झटकले. एकाच्या फेट्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे, मला तो कुठल्याही नव्या रंगापेक्षा प्यारा आहे! आता हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेत, पावसाळ्याआधी पुड्या तेवढ्या बदलायच्या.