श्यांगशंगमधल्या ‘फंग-गन’ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: बेजिंगच्या ‘दयुन्श’ या मंडळींच्या प्रयोगांवर लेख लिहितेय. दोघं जण लांब झगे घालून टेबलामागे उभे राहतात आणि विनोदी संवाद करतात, त्याला श्यांगशंग म्हणतात. मुख्य बोलणारा तो ‘दौ-गन’, त्याला बोलतं ठेवणारा ‘फंग-गन’. या दुसऱ्यासाठी शब्द हवाय. ‘सहायक’ फार सरकारी वाटतं.

ताकभात: आमच्याकडे बतावणी आहेच की! संपूर्ण प्रकाराला तोच शब्द द्या. आणि दुसऱ्याला झीलकरी.

काजवा: बतावणी जवळची आहे, पण ती तमाशातला एक भाग. श्यांगशंग हाच अख्खा प्रयोग असतो. झीलकरीही नको, तो शाहिराचा सूर उचलून धरतो. फंग-गन शंका काढतो, अडवतो, भोळेपणाने नको तो प्रश्न विचारतो, वैतागतो. दयुन्शचा संस्थापक आणि दौ-गन ग्वो दगांग सुसाट सुटलेला असताना शेजारी त्याचा फंग-गन यू च्यान नुसतं ‘हं?’ म्हणतो आणि थिएटर हसतं. त्याला ‘री ओढणारा’ म्हटलंत तर अन्यायच होईल.

रानजाई: ‘जुगलबंदी’ही म्हणूनच खोडली. तिथे दोघं एकमेकांवर मात करायला बघतात.

वाळवण: शब्दाची फोड अशी: ‘गन’ म्हणजे गंमत, हशा. ‘दौ’ म्हणजे डिवचणं, खोडी काढणं. ‘फंग’ म्हणजे दोन्ही हातांनी खालून अलगद उचलून धरणं, आपली ओंजळ जशी. तिकडच्या कलाकारांत म्हणच आहे, तीन भाग दौ, सात भाग फंग. अतिशयोक्ती सोडा, पण मान कुणाला आहे ते कळतं. मी ‘तोलणारा’ सुचवेन.

ताकभात: तोलणारा छान! पण वाण्याच्या दुकानातला वाटतो.

काजवा: वाटू द्या. दोन वेळा वाचला की रुळेल.

रानजाई: घेतला. आता ‘बाओफू’. अर्थ गाठोडं, पण सगळे ‘पंच’ लिहितात.

वाळवण: पंच म्हणजे फक्त शेवटचा फटका. बाओफूत बांधणंही येतं. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत एकेक गोष्ट फडक्यात ठेवायची, गाठ मारायची आणि ऐन वेळी झटकून मोकळं करायचं. जुना नियम आहे, तीनदा उलटवा, चौथ्यांदा झटका. म्हणून ‘पोतडी’ही चालणार नाही, ती आधीच भरलेली असते. ‘गाठोडं’च ठेवा. ‘गाठोडं सुटलं नाही’ असं लिहिलं तर प्रयोग पडला हे मराठी वाचकाला न सांगता कळेल.

काजवा: ऐनवेळी सुचलेल्या वाक्याला ते ‘श्येन-ग्वा’ म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे ‘पदरचं वाक्य’ तयार आहे.

ताकभात: आणि मंडळी म्हणायचं की फड?

रानजाई: नावातल्या ‘श’चा अर्थ संस्था, मंडळ असा आहे, म्हणून मंडळी. ग्वोने 1990च्या दशकात सुरुवात केली तेव्हा नाव वेगळं होतं. 2003 पासून ‘दयुन्श’. शिष्यांना पिढीनुसार नावात ठरलेलं अक्षर मिळतं: युन, ह, ज्यो, श्याओ. ग्वोच्या युए युनफंग या शिष्याच्या नावातला ‘युन’ तोच. हे घराण्यासारखं आहे, फडासारखं नाही.

वाळवण: फड अगदीच टाकू नका. छिंग राजघराण्याच्या काळात बेजिंगच्या थ्येनछ्याओ भागात हे कलाकार उघड्यावर बसायचे. जमिनीवर पांढऱ्या वाळूने रिंगण आखायचे, त्याला ‘भांडं काढणं’ म्हणत, कारण त्या रिंगणातूनच पोटाला मिळायचं. तो काळ लिहिताना फड, थिएटरात आल्यावर मंडळी.

रानजाई: पटलं. शेवटचा अडलेला: ‘ग्वान-खौ’. एका दमात म्हणायची लांबलचक यादी. प्रसिद्ध आहे ती पदार्थांची, वाफवलेलं कोकरू, वाफवलेला अस्वलाचा पंजा, वाफवलेली हरणाची शेपटी...

ताकभात: ‘पाठांतर’?

काजवा: शाळा आठवली! ‘दमयादी’ करा.

रानजाई: दमयादी... संपादक कापतील, पण टाकून बघते.