रीत बरोबर, तरी सीमधले उत्तर चुकते: मुलाखतीच्या प्रश्नांची तयारी कशी करावी?

नवा_अभ्यासक

नमस्कार. एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांच्या) क्षेत्रातील नोकरीसाठी मी मुलाखतींची तयारी करत आहे आणि अल्गोरिदमचे सर्व प्रश्न सी भाषेतच सोडवायचे असे मी ठरवले आहे. कागदावर रीत सुचते, ती समजावूनही सांगता येते. परंतु प्रोग्राम लिहिला की तो नमुन्याच्या चाचण्यांत उत्तीर्ण होतो आणि मोठ्या चाचण्यांत अडखळतो. तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण नेहमीचे आहे: पूर्णांकांचा ॲरे (ओळीने मांडलेल्या संख्या) दिला आहे आणि ज्या दोन घटकांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते त्यांचे इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेले जागेचे क्रमांक, शोधायचे आहेत. मी सीमधील क्यूसॉर्ट हे क्रम लावणारे फंक्शन वापरून ॲरे चढत्या क्रमाने लावला आणि दोन्ही टोकांकडून आत येत गेलो. तुलनेच्या फंक्शनमधून ‘पहिला वजा दुसरा’ एवढेच परत केले. काही चाचण्यांत ॲरे नीट क्रमाने लागतच नाही असे दिसले. दुसरे उदाहरण बायनरी सर्चचे, म्हणजे क्रमाने लावलेल्या ॲरेचे दर वेळी निम्मे करत शोधण्याचे: शोधायची संख्या ॲरेमध्ये नसेल तर कधी कधी लूप संपतच नाही. तिसरे, लिंक्ड लिस्टमधून (पत्त्यांनी एकमेकांना जोडलेल्या नोड म्हणजे घटकांच्या यादीतून) ठरावीक मूल्याचे सर्व नोड काढताना पहिल्या नोडसाठी मला वेगळा कोड लिहावा लागतो आणि नेमका तिथेच प्रोग्राम कोसळतो.

माझ्या विचारात चूक आहे, की सी ही भाषाच अशा प्रश्नांसाठी गैरसोयीची आहे?

पॉइंटर_वाचक

तुमच्या विचारात चूक नाही; मात्र कागदावरचा पूर्णांक अमर्याद असतो आणि सीमधला इंट हा पूर्णांकाचा प्रकार तसा नसतो, हा फरक तुम्ही हिशेबात घेतलेला दिसत नाही. आज बहुतेक संगणकांवर इंट ३२ बिटांचा असतो आणि त्यात २१४७४८३६४७ पर्यंतच्याच संख्या मावतात. समजा, तुलनेसाठी −२००००००००० आणि तिच्यासमोर २००००००००० या दोन संख्या आल्या. त्यांची वजाबाकी −४००००००००० येते आणि ती इंटमध्ये मावत नाही. चिन्हांकित (ऋण संख्याही मावणाऱ्या) पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाल्यास, म्हणजे किंमत मर्यादेबाहेर गेल्यास, काय घडावे हे सीच्या प्रमाणाने (भाषेच्या अधिकृत नियमांनी) ठरवून दिलेलेच नाही. प्रत्यक्षात बहुधा ती किंमत गुंडाळली जाऊन २९४९६७२९६ अशी धन संख्या हाती येते, म्हणजे लहान संख्या मोठी असल्याचे क्यूसॉर्टला सांगितले जाते. नमुन्याच्या चाचण्यांतील संख्या लहान असल्याने तिथे हे उघड होत नाही.

यावर सरळ उपाय असा, की वजाबाकी करूच नये. ‘पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा आहे का’ याच्या उत्तरातून ‘पहिला दुसऱ्यापेक्षा लहान आहे का’ याचे उत्तर वजा करावे. सीमध्ये तुलनेचे उत्तर शून्य किंवा एक असते, त्यामुळे हाती वजा एक, शून्य किंवा एक यांपैकीच काहीतरी येते आणि ओव्हरफ्लोचा प्रश्नच उरत नाही. टोकांकडून आत येताना दोन घटकांची जी बेरीज करता, तीसुद्धा लाँग लाँग या मोठ्या पूर्णांक प्रकारात करावी.

याच प्रश्नात आणखी एक चूक दडलेली असावी, जिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नाही. ॲरे क्रमाने लावला की घटकांच्या मूळ जागा पुसल्या जातात आणि प्रश्नात तर मूळ इंडेक्स विचारले आहेत. मूल्य आणि मूळ इंडेक्स यांचे एक छोटे स्ट्रक्चर करून त्या स्ट्रक्चरचा ॲरे क्रमाने लावावा. तसेच मुलाखतीत क्यूसॉर्टच्या वेळेबद्दल बोलताना शब्द जपून वापरावेत: त्याचे नाव काहीही सुचवो, प्रमाणाने त्याच्या वेगाची हमी दिलेली नाही आणि समान घटकांचा मूळ क्रम टिकण्याचीही नाही.

मध्यबिंदू

बायनरी सर्चबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या एका प्रश्नावर काळजीपूर्वक काम केले तर पुढचे अनेक प्रश्न सोपे होतात.

लूप न संपण्याचे कारण बहुधा असे असते: शोधाच्या पट्ट्यात दोनच घटक उरले की मध्य हा डाव्या टोकाशीच येतो, आणि अशा वेळी कोडने डावे टोक ‘मध्य’ एवढेच ठेवले तर पट्टा आकसत नाही. अनेक जण यावर कुठेतरी एक मिळवून पाहतात, कुठेतरी एक वजा करून पाहतात आणि चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत हेच करत राहतात. त्याऐवजी कोड लिहिण्यापूर्वीच एक विधान निश्चित करावे आणि लूपच्या प्रत्येक फेरीनंतर ते खरे राहते का हे पाहावे. मी वापरतो ते विधान असे: ‘डावे’ या इंडेक्सच्या अलीकडचे सर्व घटक शोधायच्या संख्येपेक्षा लहान आहेत आणि ‘उजवे’ या इंडेक्सपासून पुढचे सर्व घटक तिच्याइतके किंवा तिच्याहून मोठे आहेत. सुरुवातीला डावे शून्य आणि उजवे म्हणजे घटकांची एकूण संख्या; त्या वेळी दोन्ही बाजूंना काहीच नसल्याने विधान आपोआप खरे असते. डावे उजव्यापेक्षा लहान असेपर्यंत लूप चालवावा. मध्यावरचा घटक लहान निघाला तर डावे म्हणजे मध्य अधिक एक, अन्यथा उजवे म्हणजे मध्य. दोन्ही वाटांनी पट्टा किमान एकाने आकसतो, म्हणून लूप संपणारच. लूप संपल्यावर डावे ॲरेच्या आत आहे का हे आधी तपासावे आणि मगच तिथला घटक हवा तोच आहे का हे पाहावे. हा क्रम उलटा झाला तर ॲरेबाहेरची जागा वाचली जाते.

मध्य काढतानाही डावे आणि उजवे यांची थेट बेरीज करू नये. डाव्यामध्ये दोहोंच्या फरकाचा निम्मा भाग मिळवावा. जावाच्या प्रमाण लायब्ररीतील बायनरी सर्चमध्ये नेमकी ही बेरजेची चूक अनेक वर्षे होती आणि ती २००६ मध्ये सर्वांसमोर आली, तेव्हा ही भीती केवळ पुस्तकी नाही.

इंडेक्ससाठी साइझ टी हा आकार मोजण्याचा प्रकार वापरत असाल तर एक वेगळा धोका आहे. तो चिन्हरहित असल्याने शून्यातून एक वजा केल्यास ऋण संख्या मिळत नाही. ६४ बिटांच्या यंत्रावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ मिळते. वरच्या मांडणीत मध्यातून एक कधीच वजा करावा लागत नाही आणि मला ती आवडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

दुवा_शोधक

लिंक्ड लिस्टच्या प्रश्नात पहिला नोड वेगळा वाटतो, कारण तुम्ही ‘आधीचा नोड’ लक्षात ठेवत आहात आणि पहिल्या नोडला आधीचा नोडच नसतो. परंतु प्रत्येक नोडकडे, पहिल्याकडेसुद्धा, बोट दाखवणारा एक पॉइंटर मात्र नक्की असतो: पहिल्याच्या बाबतीत तो हेड (यादीची सुरुवात दाखवणारा), इतरांच्या बाबतीत आधीच्या नोडमधील नेक्स्ट (पुढचा नोड दाखवणारा). म्हणून नोडचा पत्ता न धरता त्या पॉइंटरचा पत्ता धरावा, म्हणजेच पॉइंटरचा पॉइंटर वापरावा. तो सुरुवातीला हेडच्या पत्त्यावर ठेवावा. समोरचा नोड काढायचा असेल तर त्याचा पत्ता बाजूला ठेवावा, धरलेल्या पॉइंटरमध्ये पुढच्या नोडचा पत्ता लिहावा आणि मग बाजूला ठेवलेला नोड फ्री करावा, म्हणजे त्याची जागा परत द्यावी. नोड काढायचा नसेल तरच पुढच्या नेक्स्टच्या पत्त्याकडे सरकावे. वेगळी अट कुठेच लागत नाही. तुमचा प्रोग्राम कोसळतो त्यामागे बहुधा फ्री केलेल्या नोडमधूनच नेक्स्ट वाचणे हे कारण असेल; काही वेळा जुनी किंमत तिथे शिल्लक असल्याने तो चालूनही जातो आणि म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

सराव करताना जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरांचे ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका पकडणाऱ्या सोयी) सुरू ठेवावेत. फ्री झालेली जागा वाचणे पहिला पकडतो, तर तुलनेतील ओव्हरफ्लो दुसरा ओळ क्रमांकासह दाखवतो.

नवा_अभ्यासक

सर्वांचे मनापासून आभार. सॅनिटायझर सुरू करताच तुलनेच्या फंक्शनमधील ओळ दाखवली गेली आणि लिस्टच्या कोडमध्ये फ्री केल्यानंतर नेक्स्ट वाचल्याचेही दिसले. आता एकच शंका राहिली आहे. दोन घटकांच्या बेरजेचा प्रश्न हॅश टेबल (मूल्यावरून थेट खाना काढून शोध घेणारा तक्ता) वापरून एका फेरीत सोडवावा अशी मुलाखत घेणाऱ्याची अपेक्षा असते, पण सीच्या प्रमाण लायब्ररीत सर्वसाधारण हॅश टेबल नाही. ते मुलाखतीच्या वेळेत लिहिणे शक्य आहे का?

पॉइंटर_वाचक

शक्य आहे, कारण इथे सर्वसाधारण टेबल लागतच नाही. यातून काही काढून टाकायचे नसते आणि किल्ली, म्हणजे ज्यावरून शोधायचे ते मूल्य, नेहमी इंटच असते. समजा, घटक १००००० आहेत. टेबलाचा आकार घटकांच्या दुपटीहून मोठा असा दोनचा घात घ्यावा, म्हणजे २६२१४४. प्रत्येक खान्यात मूल्य आणि इंडेक्स मिळून आठ बाइट धरले तर एकूण २ एमबी जागा लागते. ती कॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनने मागावी, नल आल्यास (जागा न मिळाल्यास) तिथेच परत फिरावे आणि काम संपल्यावर फ्री करावी. कॅलॉक सर्व खाने शून्य करून देते, म्हणून इंडेक्समध्ये एक मिळवून साठवावा. मग शून्य म्हणजे रिकामा खाना असा अर्थ सहज ठरतो. मूल्यावरून हे ठरवता येत नाही, कारण शून्य हे मूल्य ॲरेमध्ये असू शकते.

खाना निवडताना मूल्य ३२ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात घेऊन २६५४४३५७६९ ने गुणावे आणि उत्तर १४ बिट उजवीकडे सरकवावे. वरचे १८ बिट उरतात आणि २६२१४४ खान्यांसाठी तेवढेच हवे असतात. खाना भरलेला आणि मूल्य वेगळे असेल तर पुढचा खाना पाहावा, शेवटानंतर पुन्हा पहिला. लक्ष्यातून, म्हणजे हव्या असलेल्या बेरजेतून, चालू घटक वजा करताना लाँग लाँग वापरावा आणि उत्तर इंटच्या मर्यादेबाहेर गेले तर तो शोध सोडून द्यावा.

एका गोष्टीचा क्रम मात्र चुकू देऊ नये: आधी जोडीदार शोधावा आणि त्यानंतरच चालू घटक टेबलात ठेवावा. हे तपासण्यासाठी लक्ष्य ६ ठेवून दोन चाचण्या स्वतःच लिहाव्यात. ॲरेमध्ये ३ आणि ३ असतील तर इंडेक्स शून्य आणि एक मिळाले पाहिजेत, आणि ३ व ५ असतील तर जोडी सापडता कामा नये.