अनुदान कुणाला मिळालं ती यादी गावाला का दाखवत नाहीत?

बांधावरचा:
नमस्कार मंडळी, मराठवाड्यातल्या छोट्या गावचा आहे. ग्रामसभेत विचारलं की महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवरून, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबक कुणाकुणाला मिळालं ती यादी वाचून दाखवा, तर म्हणे ती वैयक्तिक माहिती आहे, नवीन कायदा आलाय, देता येत नाही. अहो पण पीएम किसानच्या पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की अख्ख्या गावाची नावं दिसतात. मग २ हजाराच्या हप्त्याचं नाव उघड आणि लाखाच्या ट्रॅक्टरचं झाकलेलं, असं का? पैसा तर दोन्हीकडे सरकारीच ना. नियम माहीत असेल त्यांनी सांगा.

अर्जवाला:
दादा, माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) बघा, त्यातला १२ वा मुद्दा. अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं असं २००५ पासून लिहिलेलं आहे. नवीन कायदा म्हणजे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, त्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम, बदललं हे खरं आणि ते वाईटच झालं, आधी त्यातच जनहितासाठी माहिती द्यायची सोय होती ती गेली. पण कलम ४ ला हात लावलेला नाही, आणि ८(२) मध्ये जनहित मोठं असेल तर माहिती देता येते हे अजून तसंच आहे. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहा, नाहीतर आपल्या राज्याच्या नियमावर बोट ठेवून परत पाठवतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

माळावरची:
यादी लावा पण काय काय लावताय ते बघा. आमच्याकडे मोबाईल नंबरासकट याद्या व्हॉट्सॲपला फिरल्या आणि मग पीएम किसानच्या नावाने एपीके फाईली, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप घुसवणाऱ्या फाईली, यायला लागल्या, ज्याने उघडली त्याचं खातं रिकामं. शिवाय एकट्या बाईच्या नावावर पैसे आले की भाऊबंद दारात येतात, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. नाव, गाव, योजना, रक्कम एवढं पुरे. आधार, खातं, मोबाईल अजिबात नको.

राईनकाठचा:
मी जर्मनीत असतो. इथे शेती अनुदान घेणाऱ्यांची नावं आणि रक्कम सरकारी वेबसाईटवर असतात, कुणीही शोधावं. ते सहज नाही झालं, २०१० ला युरोपियन कोर्टाने सरसकट सगळ्या व्यक्तींची नावं टाकणं रद्द केलं होतं. मग नियम बदलून परत सुरू केलं, त्यात अगदी छोटी रक्कम घेणाऱ्यांची नावं वगळली. ताईंचा मुद्दा असाच सुटतो, लहान माणसाला झाका, मोठी रक्कम उघडी ठेवा.

अर्जवाला:
आणि यादी पैसे जायच्या आधी लागायला हवी, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. पीएम किसानमध्ये २० लाखांहून जास्त अपात्र लोकांना १३६४ कोटी गेले, हे माहिती अधिकारातूनच बाहेर आलं, त्यात निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. मग वसुलीच्या नोटिसा. आपल्याकडे २०२० च्या कर्जमाफीत याद्या आधी गावात लावल्या, शेतकऱ्याने रक्कम बघून अंगठा दिला, मगच पैसे जमा झाले. म्हणजे करायचं म्हटलं तर जमतं. कुणाची जमीन किती, घरात नोकरी कुणाला, हे गावाला तोंडपाठ असतं, तालुक्याला बसलेल्या माणसाला कुठून कळणार.

बांधावरचा:
मनापासून आभार सगळ्यांचे. सोमवारी तालुका कृषी कार्यालयात अर्ज देतो, ताई म्हणतात तेवढंच मागणार, नाव, गाव, योजना, रक्कम. आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतो की निवड झालेल्यांची यादी अनुदान जमा व्हायच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. असा ठराव कुणी केला असेल तर मजकूर इथे टाका प्लीज, मला सरकारी भाषेत लिहायला जमत नाही.